आधी डोळे कुणाचे ते पाहा, मग सिद्धान्त लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जाडजूड खंडांतून चालणाऱ्या इंग्रजी एपिक फँटसी मालिकांवर मराठी पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत आता बऱ्यापैकी लिहिले जाते. त्या लेखांत एडवर्ड सैद, फूको, जोसेफ कॅम्पबेल ही सिद्धान्तकार मंडळी हटकून हजेरी लावतात. साचाही ठरलेला: निम्मा लेख कथानक, मग सिद्धान्ताची ओळख, आणि शेवटी हा सिद्धान्त या मालिकेला तंतोतंत लागू पडतो असा निर्वाळा. तंतोतंत लागू पडले की खरे तर समीक्षकाने सावध व्हायचे असते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही मालिका समोर ठेवून हे काम प्रत्यक्षात कसे करावे आणि ते कुठे फसते, ते या पत्रात मांडते आहे. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच झाली तर कॅम्पबेलच्या परिच्छेदाला लावा, आकड्यांना नको. आणि कथानक आधी कळलेले ज्यांना आवडत नाही, त्यांनी इथेच थांबावे.

सुरुवातीलाच होणारी गफलत म्हणजे पुस्तके आणि दूरचित्रवाणी मालिका यांची खिचडी. पुस्तकाचे पाच खंड 1996, 1998, 2000, 2005 आणि 2011 या वर्षी आले. योजना सात खंडांची आहे. दूरचित्रवाणीवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका 2011 ते 2019 अशी आठ पर्वे, 73 भाग चालली आणि पुस्तकांना मागे टाकून स्वतःच्या शेवटाला पोचली. दोन्हींत पात्रांची नावे तीच आहेत, प्रसंगही पुष्कळदा तेच. पण पाहणारा तोच नाही. आणि सगळी मेख तिथेच आहे.

मार्टिन यांच्या खंडांत बहुतेक प्रकरणांच्या डोक्यावर एका पात्राचे नाव असते. निवेदन तृतीय पुरुषी, पण त्या प्रकरणात त्या पात्राला जे दिसते, ऐकू येते, आठवते तेवढेच वाचकाला मिळते. जेरार झेनेत या फ्रेंच अभ्यासकाने 1972 मध्ये एक साधा भेद पक्का करून दिला: कोण सांगतो आहे हा प्रश्न वेगळा, आणि कुणाच्या डोळ्यांतून दिसते आहे हा वेगळा. इथे सांगणारा अनामिक आहे, पाहणाऱ्याचे नाव मात्र मथळ्यावर छापलेले आहे. एवढी सोय फार थोड्या लेखकांनी समीक्षकाला करून दिली असेल. तरी या मालिकेवरचे बहुतेक लेख हे मथळे ओलांडून थेट ‘सत्ता’, ‘लिंगभाव’, ‘वसाहतवाद’ अशा मोठ्या शब्दांवर उतरतात.

म्हणून कामाची सुरुवात एका कोष्टकाने करावी. रकाने पाच पुरेत: प्रकरण कुणाच्या नावावर, ठिकाण कोणते, प्रसंगात हजर असून न बोलणारे कोण, बातमी किंवा माहिती कुणाच्या तोंडून येते, आणि ‘हे लोक असेच असतात’ छापाचे सरसकट विधान आले तर ते कुणाचे. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात कंटाळवाणा आहे, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो.

पहिल्या खंडाचे कोष्टक असे दिसते. एक प्रास्ताविक प्रकरण आणि पुढे 72 प्रकरणे. त्यांतली नेड स्टार्क या उत्तरेच्या सरदाराची 15, त्याची बायको केटलिनची 11, पूर्वेकडे परागंदा असलेली राजकन्या डेनेरिस हिची 10, नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेला जॉन आणि विरोधी लॅनिस्टर घराण्यातला टिरियन यांची प्रत्येकी 9, आणि नेडच्या मुलांपैकी ब्रॅनची 7, सान्साची 6, आर्याची 5. पाचही खंड धरले तर पाहणारे एकूण 31. त्यांतले सात जण फक्त प्रास्ताविक किंवा अखेरच्या प्रकरणापुरते येतात. उरलेले 24 हे मालिकेचे खरे डोळे. आता या यादीत कोण नाही ते बघा. दुसऱ्या खंडापासून पेटते ते ‘पाच राजांचे युद्ध’: जॉफ्री, रॉब, रेनली, स्टॅनिस, बेलॉन. या पाचांपैकी एकाच्याही नावाचे प्रकरण पाच खंडांत नाही. नेडचा मुलगा रॉब, त्याची अख्खी मोहीम आपण त्याच्या आईच्या, केटलिनच्या, डोळ्यांनी पाहतो, आणि स्टॅनिस दिसतो तो बराच काळ डाव्होस या जुन्या तस्कराच्या नजरेतून. राजसत्तेवर लिहायला बसणाऱ्याने सुरुवात इथून करावी. सिंहासनाभोवती फिरणाऱ्या या कथेत या युद्धातले पाचही राजे कायम बाहेरून दिसतात; आत काय चालले आहे याचा अंदाज बांधणारी माणसे तेवढी आपल्याला आतून दिसतात. यापुढे कुठल्या सिद्धान्ताला हात घालायचा ते ज्याचे त्याने ठरवावे, पण ही गोष्ट टिपल्याशिवाय घालू नये.

सिद्धान्त कुठे खरोखर उजेड पाडतो याचा नमुना पहिल्याच दोन प्रकरणांत सापडतो. प्रास्ताविकात राज्याच्या उत्तर सीमेवरच्या प्रचंड भिंतीपलीकडच्या जंगलात गस्तीवरचे तीन शिपाई जातात: वेमार रॉइस हा उमराव घराण्यातला तरुण, विल हा शिकारचोरीत सापडलेला गडी, आणि हिमदंशाने दोन्ही कान गमावलेला म्हातारा गॅरेड. जे दिसू नये ते त्यांना दिसते. लगेच पुढच्या प्रकरणात, सात वर्षांच्या ब्रॅनच्या डोळ्यांसमोर, पळून आलेल्या एका शिपायाचे मुंडके उडवले जाते. तो कानतुटका म्हातारा म्हणजे गॅरेडच, हे वाचकाला कळते. शिक्षा देणाऱ्या नेडला त्याने काय पाहिले याचा पत्ता नाही. पण म्हाताऱ्याने काहीच सांगितले नाही का? सांगितले. प्रश्न विचारले गेले, उत्तरे दिली गेली, असे पुस्तक स्पष्ट म्हणते. फक्त त्यातले फारसे काही ब्रॅनला नंतर आठवले नाही. संपूर्ण मालिकेतल्या सर्वांत महत्त्वाच्या साक्षीचा एक शब्दही आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण ती ऐकणारा आपला साक्षीदार सात वर्षांचा पोर आहे आणि त्याचे लक्ष दुसरीकडे आहे.

गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचा 1988 चा सबाल्टर्नविषयीचा, म्हणजे सत्तेच्या उतरंडीत तळाशी असलेल्यांविषयीचा, निबंध उघडायचा तो या जागी. गोरगरीब मुके असतात असे त्या म्हणत नाहीत. बोललेले ऐकू येईल अशी व्यवस्थाच नसते, असे त्यांचे म्हणणे आहे. गॅरेड बोलला, धन्याने विचारपूसही केली, न्यायाचा सगळा विधी पार पडला, आणि साक्ष हरवली. दूरचित्रवाणीच्या पहिल्या भागात हाच प्रसंग पाहा. तिथे पळून आलेला शिपाई विल आहे, आणि मरण्यापूर्वी तो आपण काय पाहिले ते कॅमेऱ्यासमोर स्वच्छ बोलून दाखवतो. प्रेक्षकाने आणि नेडने दोघांनीही ते ऐकले. प्रसंग तोच, पण स्पिव्हाक आता इथे लागू नाहीत. इथला प्रश्न ऐकूनही विश्वास न ठेवण्याचा आहे, जो वेगळा आहे. पुस्तक आणि पडदा यांची सरमिसळ केली की असे मुद्दे हातातून निसटतात ते यामुळे.

हाच धागा पकडून पाचही खंडांची प्रास्ताविके एका ओळीत लावावीत. विल, शिकारचोर. क्रेसन, सरदाराच्या पदरी म्हातारा झालेला मेस्टर, म्हणजे वैद्य-पंडित. चेट, जळवा गोळा करणाऱ्याचा मुलगा. पेट, विद्यापीठात वर्षानुवर्षे रखडलेला शिकाऊ. वॅरामायर, भिंतीपलीकडचा रानटी. सत्तेबाहेरच्या माणसांना नजर मिळते ती बहुधा इथे, एका प्रकरणापुरती, आणि पाचही जण मरतात. विल, क्रेसन आणि पेट प्रकरणासोबतच संपतात. चेटचे मरण पुढे कळते. वॅरामायरचा देह जातो. नेहमीच्या 24 जणांत गरिबाघरचे म्हणता येतील असे जेमतेम तिघे: फ्ली बॉटम या झोपडवस्तीत वाढलेला डाव्होस, लहानपणी पुरोहितांना विकला गेलेला एरिओ होटा आणि गुलामीतून वर आलेली मेलिसँड्रे. बाकी सगळे वाडे, किल्ले आणि गढ्यांतले. जॉन स्नो अनौरस असला तरी वाढलेला किल्ल्यातच.

आता ‘मार्टिन अभिजनवादी आहेत’ असे लिहून मोकळे व्हायचा मोह होतो. घाई करू नये. दावा केला की त्याला पाडणारा उतारा आपणच शोधायचा, हा या कामातला महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका तोच बहुतेक लेखांत गाळलेला असतो. चौथ्या खंडात ब्रिएन या सरदारकन्येच्या एका प्रकरणात मेरिबॉल्ड नावाचा अनवाणी फिरणारा धर्मोपदेशक येतो. त्याच्या वाटेवर युद्धातून पळालेल्या शिपायांचा विषय निघतो. ते दरोडेखोरच, असे सोबतचे म्हणतात. त्यावर मेरिबॉल्ड एक लांबलचक बोलणे करतो: विळे-कोयते परजून धन्याच्या निशाणामागे निघालेली शेतकरी पोरे, लढाईत डोळ्यांदेखत मेलेला भाऊ, मेलेल्याच्या पायातून काढून घेतलेले बूट, आणि मग एक दिवस आजूबाजूला ओळखीचे कुणीच उरले नाही हे कळल्यावर आतून तुटलेला माणूस. तो स्वतः पोरवयात ज्या युद्धात गेला होता त्याचे नाव राजांवरून पडले आहे. तिथे आपण ना राजा पाहिला ना दमडी कमावली, पण युद्ध मात्र होते, एवढे म्हणून तो थांबतो. मालिकेतला युद्धाचा सर्वांत कडक पंचनामा हाच, आणि तो एका दरिद्री माणसाच्या तोंडी आहे. तरीही डोळे ब्रिएनचेच. आपण मेरिबॉल्डला ऐकतो, पण त्याच्या आत शिरत नाही. दावा पडला नाही, बारीक झाला: या कथेत खालच्या माणसाला वाणी मिळते, नजर क्वचितच मिळते. अशा बारीक झालेल्या वाक्यासाठीच एवढी उस्तवार करायची.

कथेतल्या पूर्वेकडच्या भूखंडाविषयी, म्हणजे डोथ्राकी घोडेस्वार आणि गुलामांच्या बाजाराची शहरे यांच्याविषयी, सैद यांचा 1978 चा ‘ओरिएंटॅलिझम’ हा ग्रंथ हाताशी घेणे रास्त आहे. पण तो कसा वापरला जातो? पूर्वेचे लोक क्रूर दाखवले आहेत, सबब प्राच्यवाद, म्हणजे पाश्चात्त्यांनी आपल्या सोयीने रंगवलेली पूर्व. एवढ्याने भागत नाही. पश्चिमेचे सरदारही इथे काही कमी क्रूर नाहीत. सैद यांचा रोख ज्ञानावर आहे: पूर्वेविषयीची माहिती कोण तयार करतो, कुणासाठी, आणि त्या माहितीत पूर्वेचा माणूस स्वतः बोलतो का. इथे कोष्टकातला तो कंटाळवाणा रकाना कामाला येतो. तीन तरी मुडदे पडल्याशिवाय डोथ्राकी लग्नाला रंग चढत नाही, हे प्रसिद्ध वाक्य इलिरिओ या पेंटॉस शहरातल्या व्यापाऱ्याचे आहे. डेनेरिसचे डोथ्राकी सरदाराशी लग्न जुळवण्यात त्याचा स्वार्थ आहे. पुढे डोथ्राकींच्या रीतिभाती समजावतो तो जोरा मॉर्मंट, म्हणजे शिकारचोरांना पकडून गुलामांच्या व्यापाऱ्याला विकल्यामुळे परागंदा झालेला सरदार. ऐकणारी डेनेरिस, वय वर्षे 13, नवखी आणि घाबरलेली. म्हणजे डोथ्राकींविषयीचे आपले ज्ञान एक हितसंबंधी व्यापारी, एक गुलाम विकणारा फरारी आणि एक परकी पोर यांच्याकडून आलेले आहे. कादंबरी ही साखळी लपवत नाही. ती वाचायची की नाही हा वाचकाचा प्रश्न.

पहिल्याच पुस्तकात मिरी माझ डूरचा प्रसंग आहे. लझारी लोकांचे गाव लुटले जात असताना डेनेरिस या वैदूबाईला वाचवते, आणि पुढे तिच्यावरच विश्वासघाताचा आरोप करते. मिरीचे उत्तर असे की तू येण्याआधी तिघांनी माझ्यावर बलात्कार केला होता, चौथा करत होता. माझे देऊळ जळले, ज्यांना मी बरे केले ती माणसे मेली. मग तू वाचवलेस ते नेमके काय? उद्धारकर्त्या राणीच्या कथेला तिच्याच प्रकरणात, तिच्याच डोळ्यांसमोर एवढे थेट आव्हान मिळते. सैद वाचून आलेल्याने हा उतारा गाळला तर ती लबाडी आहे.

पण इथेही दुसरी बाजू तपासावी लागते. 24 जणांत पूर्वेच्या मातीतले दोघेच: एरिओ होटा आणि मेलिसँड्रे. होटा पश्चिमेतल्या डॉर्न प्रांताच्या राजपुत्राच्या चाकरीत, मेलिसँड्रे स्टॅनिसच्या पदरी. पूर्वेचा माणूस पश्चिमेकडे आला तरच त्याला डोळे मिळतात. उलट पश्चिमेचे टिरियन, बॅरिस्टन, क्वेंटिन, आर्या पूर्वेकडे जातात तेव्हा डोळे सोबत घेऊन जातात. पाचव्या खंडातला केवढा तरी भाग मीरीन शहरात घडतो, आणि मीरीनच्या एकाही रहिवाशाच्या नावाचे प्रकरण नाही, डोथ्राकींचेही नाही. मिरीला तोंड मिळाले, मथळा मिळाला नाही. दूरचित्रवाणीने या बाबतीत पायरी आणखी खाली उतरवली. 2013 मधल्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या दृश्यात मुक्त झालेल्या सावळ्या गुलामांचा जमाव एका गोऱ्यापान, रुपेरी केसांच्या राणीला खांद्यावर उचलतो आणि कॅमेरा वर वर जात राहतो. पुस्तकात तोच क्षण तिच्या आतून येतो, म्हणून त्यात गोंधळ आणि भीतीही मावते. आकाशातून बघणाऱ्या कॅमेऱ्याला तशी सोय नाही.

स्त्रीवादी वाचनाची गत निराळी. तिथे पात्रांना गुण द्यायची खोड आहे: आर्या बंडखोर म्हणून पास, सान्सा मुळूमुळू म्हणून नापास, केटलिन घर बुडवणारी. केटलिनचे पहिल्या खंडातले शेवटचे प्रकरण उघडा. नेडच्या वधाची बातमी आलेली, तिच्या माहेरच्या रिव्हररन किल्ल्यात सरदारांची मसलत बसलेली. सूडाने नवरा परत येणार नाही, मुली परत आणा आणि तह करा, असे ती भर सभेत सांगते. ग्रेटजॉन नावाचा सरदार म्हणतो, तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला यातले कळायचे नाही. दुसरा सरदार म्हणतो, पुरुषाला सूड लागतो. थोड्याच वेळात तलवारी उपसल्या जातात आणि रॉबला उत्तरेचा राजा म्हणून घोषित केले जाते. वाचक हा जयघोष ऐकतो तो नुकतीच झिडकारली गेलेली बाई तिथे बसून जसा ऐकेल तसा. दूरचित्रवाणीवर केटलिन रॉबला काय सांगते? आधी मुलींना सोडवू, मग सगळ्यांना ठार मारू. घोषणा तीच, तलवारी त्याच, पण युद्धाला विरोध करणारी एकमेव व्यक्ती तिथून नाहीशी झाली आणि प्रेक्षक निर्धास्तपणे टाळ्या वाजवतो. पुढे स्टार्कांकडे ओलीस म्हणून वाढलेल्या थिऑनला त्याच्या बापाकडे, म्हणजे बेलॉनकडे, पाठवू नकोस हेही केटलिनच सांगते. तेही कुणी ऐकत नाही, आणि त्याचे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात. तिला घर बुडवणारी म्हणणाऱ्यांनी या दोन जागा वाचून मग बोलावे.

थिऑनचे उदाहरण घेतल्याशिवाय मथळ्यांचा विषय पुरा होत नाही. दुसऱ्या खंडात त्याची प्रकरणे ‘थिऑन’ या नावाने आहेत. तिसऱ्या-चौथ्या खंडांत तो पाहणारा म्हणून गायब. पाचव्यात येतो तो ‘रीक’ या मथळ्याखाली, आणि हा कोण हे वाचकाला चाचपडत शोधावे लागते. तीन प्रकरणे रीक. मग विंटरफेलचा (म्हणजे स्टार्कांच्या किल्ल्याचा) राजपुत्र, फितूर आणि विंटरफेलमधले भूत अशा अर्थाचे एकेक मथळे. आणि सातव्या प्रकरणावर पुन्हा ‘थिऑन’. फ्रेंच तत्त्वज्ञ लुई अल्थुसेर यांच्या 1970 च्या निबंधातला मुद्दा असा की सत्ता माणसाला हाक मारते आणि त्या हाकेला ओ देताना तो माणूस घडतो. रॅमसे हा क्रूर सरदारपुत्र हाल करून थिऑनला ‘रीक’ या हाकेला ओ द्यायला शिकवतो, हे उघड आहे. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे हे नाव जुने आहे: आधी रॅमसेच्या नोकराचे, मग खुद्द रॅमसेने वेषांतर करून घेतलेले, आणि शेवटी थिऑनवर लादलेले. जागा आधीपासून रिकामी होती, माणूस नंतर भरला. अल्थुसेर इथे चपखल बसतात. अडतात ते मथळ्यापाशी. प्रकरणाच्या डोक्यावरची हाक रॅमसेची नाही, कारण मथळा कथेच्या बाहेर असतो. ती हाक पुस्तकाची आहे, आणि वाचक म्हणून आपणही तिला ओ देतो, पन्नासेक पाने त्याला रीकच म्हणत राहतो. सिद्धान्त असा अडला की लेखाला खरी सुरुवात होते.

फूकोंच्या बाबतीत उलटे घडते. त्यांच्या 1975 च्या शिक्षेवरील ग्रंथातून सगळे जण पॅनॉप्टिकॉन, म्हणजे मधल्या मनोऱ्यातून सगळ्या कैद्यांवर नजर ठेवणारा तुरुंग, उचलतात आणि दरबारातला हेरप्रमुख व्हेरिस याच्या हेरांना चिकटवतात. ते चुकते. कुणीतरी पाहत असेल या धाकाने माणूस स्वतःला शिस्त लावून घेतो, असे ते यंत्र आहे. व्हेरिसचे हेर आहेत हे ठाऊक असलेले दरबारी शिस्त लावून घेत नाहीत, जास्त सफाईने खोटे बोलतात. शिवाय इथे सुधारगृहाच्या अर्थाने तुरुंगच नाही, अंधारकोठड्या आहेत. त्याच ग्रंथाचा आधीचा भाग, राजाचे सामर्थ्य दाखवणारा जाहीर देहदंड, तो मात्र इथे नीट चालतो. नेड स्वतः तलवार चालवतो, कारण शिक्षा सुनावणाऱ्यानेच ती द्यावी असा उत्तरेचा दंडक. पुढे त्याच तलवारीने नेडचे डोके उडते, तेव्हा हुकूम जॉफ्रीचा आणि हात जल्लादाचा. रॉब आणि जॉन यांनी दिलेले देहदंड याच रांगेत ठेवून पाहावेत. थिऑन कुत्रेवाल्या फार्लेनचा वध करायला जातो आणि एका घावात तो जमत नाही, हेही.

कॅम्पबेलची वीरयात्रा, म्हणजे पुराणकथांतल्या सगळ्या नायकांच्या प्रवासाचा एकच साचा, 1949 ची, सतरा टप्प्यांची. जॉन स्नोला लागते, ब्रॅनला लागते, डेनेरिसला लागते, उद्या हॉट पाय या भटारखान्यातल्या पोरालाही लागेल. न लागण्यासाठी काय दिसायला हवे हे ज्याला सांगता येत नाही त्याने ती वापरू नये. व्लादिमिर प्रॉप यांनी 1928 मध्ये रशियन अद्भुतकथांमधून काढलेल्या 31 क्रिया, म्हणजे कथेत ठरावीक काम करणाऱ्या घटना, बऱ्या, कारण त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि त्यामुळे क्रम कुठे मोडला ते दाखवता येते. पण दोघांची अडचण एकच: त्यांना शेवट लागतो. मार्टिन यांची कथा पाचव्या खंडावर थांबलेली आहे. दूरचित्रवाणीचा शेवट उसना आणून पुस्तकाच्या रचनेविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे शेजारच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर आपल्या मुलाचा दाखला घेणे.

नजरा अनेक म्हणून ‘बहुस्वरीय’ असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. रशियन समीक्षक बाख्तिन यांनी दस्तयेव्हस्कीसंबंधी जे म्हटले ते वेगळे: पात्राचा आवाज लेखकाच्या अंतिम निवाड्याखाली येत नाही. चाचणी सोपी आहे. मथळा झाकून मधले एखादे पान वाचावे. भाषेवरून पात्र ओळखता येत नाही, कारण निवेदनाची इंग्रजी सगळीकडे बरीचशी सारखी आहे. ओळखता येते ते कशाकडे लक्ष जाते त्यावरून. म्हणून ‘बहुदृष्टी’ म्हणणे जास्त प्रामाणिक. आणि ही दृष्टी खात्रीची नसते. ब्लॅकवॉटरच्या लढाईच्या रात्री सँडर क्लेगेन हा जॉफ्रीचा अंगरक्षक सान्साच्या खोलीत येतो, सुरी रोखून गाणे म्हणायला लावतो, आणि जातो. चुंबन घेत नाही. तिसऱ्या-चौथ्या खंडांत सान्साला मात्र चुंबन आठवते. दोन्ही जागा शेजारी ठेवून वाचल्या तरच हे दिसते, आणि ही विसंगती जाणीवपूर्वक ठेवल्याचे लेखकाने सांगितलेले आहे. स्मृती, आघात, इच्छा यांवरचे सिद्धान्त लावायला याहून चांगली जागा मालिकेत नाही. तिथे कुणी फिरकत नाही.

आकडेमोडीविषयी थोडक्यात. 2016 मध्ये अँड्र्यू बेव्हरिज आणि जी शान या गणितज्ञांनी तिसऱ्या खंडातली नावे एकमेकांपासून 15 शब्दांच्या आत आली की दुवा, असे धरून 107 पात्रे आणि 353 दुवे यांचे जाळे मांडले; टिरियन अग्रस्थानी आला. पद्धत चांगली, पण प्रेम, वैर आणि निव्वळ गावगप्पा या तिन्हींना ती एकच मोजते. 2020 मधला दुसरा अभ्यास जास्त उद्बोधक आहे. महत्त्वाची पात्रे प्रकरणांच्या क्रमाने पाहिली तर कधी मरतील त्याचा नेम नाही असे वाटते. घटना कालक्रमाने लावल्या की ती यादृच्छिकता उरत नाही. म्हणजे ‘इथे कुणीही केव्हाही मरतो’ ही वाचकाची भावना घटनांतून कमी आणि मांडणीतून जास्त आलेली आहे. घटनाक्रम आणि निवेदनक्रम यांतला झेनेतचा भेद इथे आकड्यांत दिसतो.

राहता राहिले ‘हे म्हणजे आपले महाभारतच’. भाऊबंदकी, सूड, राजसभेतली विटंबना ही साम्ये कुणालाही दिसतील. पण महाभारताला सांगणारे आहेत आणि ऐकणारेही आहेत: वैशंपायन जनमेजयाला सांगतो, तेच सौती नैमिषारण्यात ऋषींना सांगतो, आणि युद्ध संजय सांगतो ते थेट आंधळ्या बापाला. ऐकणाऱ्याचे त्या कथेत काहीतरी जळलेले आहे. मार्टिन यांच्या कथेला श्रोताच नाही. तुलना करायचीच तर या फरकापासून करावी. पद्धत हवी असेल तर इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधला ‘मयसभा’ हा लेख पुन्हा वाचावा: खांडववनात कोण जळले आणि जमीन कुणाला मिळाली, हे त्या संहितेलाच विचारतात. एकाही परदेशी सिद्धान्तकाराचे नाव त्यासाठी घ्यावे लागलेले नाही.

आपल्या पुरवणीकडे एक मागणी आहे. असे लेख छापताना प्रत्येक उदाहरणापुढे खंड आणि प्रकरणाचे नाव, आणि पडद्यावरचे असेल तर पर्व आणि भाग, एवढे लेखकांकडून मागून घ्यावे. जागा चार ओळींची लागेल, आणि निम्मे ‘तंतोतंत’ आपोआप गळतील. वर मांडलेले दावेही त्याच कसोटीवर आहेत. सहावा खंड आला की आधी प्रास्ताविक उघडावे. त्यातला पाहणारा जगला, तर प्रास्ताविकांविषयी जे लिहिले ते खोडावे लागेल. आणि एखाद्या डोथ्राकीचे किंवा मीरीनच्या रहिवाशाचे नाव मथळ्यावर दिसले, तर सैदविषयीचे परिच्छेद नव्याने लिहावे लागतील.

आपली विश्वासू,
इंग्रजी साहित्याची एक अध्यापक, पुणे